वादळाचं नाव काय?

फ्लोरिडात वादळाच्या दिवसांत एक वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ असतं: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. त्याचं पुढचं कलम आपत्कालीन खात्याची माणसं टीव्हीवर हातवारे करून सांगतात. घर सोडायचंच असेल तर दहा-वीस मैल आत जा, शेकडो मैल पळत सुटू नका; जरा उंचावरचं एखादं भक्कम घर गाठलं की पुरे. सप्टेंबर २०१७ मध्ये टाम्पाला, रूममेटच्या टीव्हीवर, मी हे चाळीसेक वेळा तरी ऐकलं असेल. त्यानंतर मी घर सोडलं आणि जवळजवळ नऊ हजार मैलांवर, परळला, हिंदमाताजवळच्या आमच्या चाळीत जाऊन थांबलो.

मुंबईकराला यापुढचं सांगायची गरज नाही. त्याचं हसून झालं असेल. इतरांसाठी सांगतो: हिंदमाता हा भाग बशीसारखा आहे. आजूबाजूला पडणारं पाणी आधी आमच्याकडे येतं, चौकशी करतं, मुक्काम करतं आणि भरती ओसरली की सावकाश निघतं. पालिकेने त्याच्यासाठी पंपिंग स्टेशन बांधलं, पण पाहुण्याला घराची सवय झाली की तो इतक्या सहजासहजी जात नाही. आमच्या चाळीत तळमजल्यावरचे लोक जूनमध्ये फ्रिज चार विटांवर चढवतात आणि दसऱ्याला उतरवतात. म्हणजे मी पुराच्या भीतीने पुराच्या माहेरी निघालो होतो. आणि त्या वेळी मी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करत होतो. त्या सत्रातला विषय होता ऑपरेशन्स रिसर्च. त्यातला दुसरा धडा, कमीत कमी अंतराचा मार्ग कसा काढावा.

पण माझा नाइलाज होता. टाम्पा ज्या काउंटीत येतं तिने ए, बी, सी अशी क्षेत्रं आखलेली असतात. समुद्राचं पाणी आधी कुठे शिरेल त्या क्रमाने. ए वाल्यांनी आधी निघायचं. आमची खोली विद्यापीठाजवळ, समुद्रापासून बरीच आत. आमच्या पत्त्याला अक्षरच नव्हतं. सरकारच्या लेखी आम्ही जागेवर बसून राहणं अपेक्षित होतं. घर सोडण्याचा हुकूम आला तो काउंटीकडून नव्हे, आईकडून.

त्याचं असं झालं, की अनंत चतुर्दशीला, म्हणजे ५ सप्टेंबरला, मुंबईत गणपती विसर्जनाला निघाले आणि तिकडे अटलांटिकमध्ये इर्मा, म्हणजे ते वादळ, पाचव्या श्रेणीत पोचली. वारे ताशी २९५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तिने बार्बुडा बेट अक्षरशः झोडपून काढलं. मराठी वाहिन्यांना विसर्जन संपल्यावर दाखवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी फ्लोरिडाचा नकाशा लावला, वर लाल रंगाचा भोवरा फिरवला आणि खाली पट्टी सोडली. आईने फोन केला.

"तू त्या लाल गोलात आहेस का?"

"आई, अगं तो गोल अजून क्यूबाच्याही पलीकडे आहे."

"पण तो त्रिकोण तुझ्यावरून जातोय."

त्रिकोण म्हणजे तो शंकू. वादळाचा मध्य पुढल्या पाच दिवसांत कुठून कुठे जाऊ शकेल हे दाखवणारा, पुढे पुढे रुंद होत जाणारा पांढरा पट्टा. फ्लोरिडा असं चिंचोळं राज्य आहे की शंकू जरा फुगला की सगळं राज्यच त्यात मावतं. शंकूचा अर्थ 'इथेच सगळा विध्वंस' असा नसतो, 'मध्य बहुधा यातून कुठूनतरी जाईल' एवढाच असतो, हे मी आईला प्रोबॅबिलिटीसकट समजावलं. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे त्यांनाही माहीत नाही. तू ये."

आता गंमत बघा. एकोणतीस ऑगस्टला, म्हणजे या फोनच्या आठवडाभर आधी, मुंबई बुडाली होती. गणपतीचा पाचवा दिवस. आमच्या चाळीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं, बाबा दादरहून कमरेएवढ्या पाण्यातून तीन तास चालत आले होते आणि आईने मला फोनवर सांगितलं होतं, "काही नाही रे, जरा पाऊस आहे." ती बाई मला कोरड्या टाम्पातून सुरक्षित जागी बोलावत होती.

तिकडे टाम्पाही तयारीला लागलं होतं. पब्लिक्समध्ये पाण्याच्या बाटल्या आधी संपल्या, मग पाव, मग बॅटऱ्या. शेवटी फडताळावर उरलं ते नारळपाणी आणि कुणालाच नको असलेल्या चवीचे चिप्स. होम डेपोच्या बाहेर प्लायवूडसाठी रांग. देशी दुकानात मात्र वेगळंच: मॅगी, पार्ले-जी आणि पोहे सगळ्यांत आधी उडाले. माझ्या तेलुगू रूममेटने शांतपणे दहा किलो सोना मसुरी आणि लोणच्याची बरणी आणली आणि तो म्हणाला, आता महिनाभर काहीही येऊ दे. सरकारी यादीत एक सूचना होती: बाथटब पाण्याने भरून ठेवा. ही मी आईला वाचून दाखवली तेव्हा फ्लोरिडा सरकारबद्दल तिला पहिल्यांदा आदर वाटला. "पिंप भरून ठेवायला सांगतायत," ती बाबांना म्हणाली, "शहाणी माणसं दिसतात."

विमानतिकिटांनी वेगळंच वादळ उठवलं होतं. मायामीहून फीनिक्सला जाणाऱ्या तिकिटाची किंमत पाचशेच्या घरातून तीन हजार डॉलरच्या पुढे गेल्याचा फोटो सगळीकडे फिरला. मग जेटब्लूने एका बाजूच्या थेट तिकिटाला ९९ डॉलरची मर्यादा घातली आणि इतरांनीही आपापल्या मर्यादा जाहीर केल्या. पण ९९ डॉलरचं तिकीट जाहीर होणं आणि मिळणं यांत, म्हाडाची लॉटरी निघणं आणि घर लागणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढं अंतर होतं. मी दोन रात्री जागून शार्लट, शिकागो, डेन्व्हर, जमेल ते शहर शोधलं. सगळीकडे 'विकले गेले'. मला जायचं तर नव्हतंच, पण मिळत नाही म्हटल्यावर माणसाला जावंसं वाटतं.

त्याच रात्री एडिसनला राहणाऱ्या काकांचा फोन आला. काका आयटीत. आयुष्याचा तिसरा हिस्सा त्यांनी विमानात काढला आहे आणि त्याचे मैल साठवून ठेवले आहेत. "तुझ्या आईचा फोन होता," ते म्हणाले. "माझे मैल या महिनाअखेर बाद होतायत. टाम्पा-नेवार्क मिळतंय. पण नेवार्कला उतरून माझ्याकडे राहायला येऊ नकोस, आम्ही लेकीकडे निघालोय. तर मी म्हटलं, पुढे मुंबईच करून टाकू. परतीचं एकोणीसचं आहे."

असा माझा मार्ग ठरला. ऑपरेशन्स रिसर्चच्या पुस्तकात बाद होणाऱ्या मैलांचं समीकरण नाही. असायला हवं.

परदेशी विद्यार्थ्याला पळून जायलाही कागद लागतात. एफ-१ व्हिसावाल्याने देशाबाहेर जायचं तर आय-२० नावाच्या कागदावर विद्यापीठाची प्रवासाची सही हवी आणि ती वर्षाच्या आतली हवी. सही देणारं कार्यालय वादळासाठी बंद झालेलं. माझ्या सुदैवाने जानेवारीत मी उगाचच, रांग छोटी दिसली म्हणून, सही घेऊन ठेवली होती. मुंबईकर रांग छोटी दिसली की आधी उभा राहतो, कशाची आहे ते नंतर विचारतो. या सवयीचा आयुष्यात एवढाच उपयोग झाला.

मग सामान. संकटात माणूस काय उचलतो यावरून त्याची परीक्षा होते म्हणतात. मी पासपोर्ट, आय-२०, लॅपटॉप आणि प्रेशर कुकर घेतला. हसू नका. कुकरचं हँडल तीन महिन्यांपूर्वी सुटलं होतं आणि रिंग ढिली झाली होती. अमेरिकेत ते दुरुस्त करून देणारा माणूस जन्माला आलेला नाही. तिथे नवा घ्यायचा. परळला आमच्या नाक्यावरचा माणूस हे काम पन्नासएक रुपयांत करतो. घरी चाललोच आहे तर म्हटलं. तो हातातल्या बॅगेत न ठेवता खालच्या बॅगेत टाकण्याएवढी अक्कल मात्र होती; बॉस्टन मॅरेथॉनमधल्या कुकर-बॉम्बनंतर अमेरिकेत कुकर म्हटलं की सगळ्यांच्याच भुवया वर जातात.

आजी म्हणाली, "पितृपंधरवड्यात कुणी प्रवासाला निघतं का रे?" मी म्हटलं, "आजी, निघत नाहीये, घरीच येतोय." त्यावर तिला उत्तर सुचलं नाही, पण तिने ते राखून ठेवलं.

शुक्रवारी आठ तारखेला सकाळी टाम्पाच्या विमानतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि तरीही सगळं आश्चर्यकारक शिस्तीत. कुणाच्या हातात मांजराची पेटी, कुणाच्या काखेत फ्रेम केलेला लग्नाचा फोटो, एका आजोबांच्या खांद्यावर पोपटाचा पिंजरा. पोपट अधूनमधून जोरात काहीतरी बोलायचा आणि आजोबा रांगेची माफी मागायचे. आमच्या रूममेटने दोन दिवस आधीची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पाठवली: डेल्टाचं एक विमान इर्माच्या दोन पावसाळी पट्ट्यांच्या मधल्या फटीतून सान हुआनला उतरलं, चाळीसेक मिनिटांत प्रवासी भरून त्याच फटीतून बाहेर पडलं, हजारो लोक ते नकाशावर श्वास रोखून पाहत होते. मी विंडोसीटवर बसून श्वास रोखून बाहेर पाहिलं. स्वच्छ निळं आकाश, खाली चमचमणारा उपसागर, एका जलतरण तलावात कुणीतरी पोहत होतं. एवढ्या सुंदर हवेतून पळून जाणारा माणूस मूर्ख दिसतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही कुठे? अटलांटा?" मी म्हटलं, "मुंबई." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्हाला यांनी कुठलं क्षेत्र दिलंय?"

मी उडालो तेव्हा शंकूची मधली रेघ अजून पूर्व किनाऱ्याकडे झुकलेली होती. मायामीचे लोक पळून टाम्पाला येत होते. नेवार्कहून निघाल्यावर पंधरा तास माझा जगाशी संबंध नव्हता आणि तेवढ्यात रेघ पश्चिमेला सरकत सरकत नेमकी टाम्पाच्या अंगावर आली. मायामीवाले पुन्हा गाडीत बसले. साठ लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलेलं. त्यातले कितीतरी कुठे पोचले हे त्यांनाही कळलं नसेल. शनिवारी रात्री मी सहार विमानतळावर उतरलो तेव्हा टाम्पाचा विमानतळ बंद होण्याच्या बेतात होता. आई गेटबाहेर होती. तिच्या चेहऱ्यावर, बातमी वाईट होती तरी, जिंकल्याचं जे तेज होतं ते मी दहावीच्या निकालालाही पाहिलेलं नाही.

चाळीत माझं स्वागत 'वादळग्रस्त' म्हणून झालं. समोरच्या काकूंनी थालीपिठं आणली. तळमजल्यावरच्या एका काकांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कपडे वगैरे काही राहिलेत का रे?" हे काका, ज्यांचा सोफा एकोणतीस ऑगस्टपासून गच्चीत वाळत होता. मी म्हटलं, "काका, मी निघालो तेव्हा ऊन होतं." त्यांना वाटलं मला धक्का बसलाय.

रविवारी संध्याकाळी, आमच्या पावणेसातच्या सुमारास, इर्माने फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला कजो की या बेटावर जमीन गाठली. चौथी श्रेणी. आमच्या बाहेरच्या खोलीत अठरा माणसं, कांदाभजी आणि चहा. मी नकाशावर बोट ठेवून सांगत होतो, हा माझा गाव, ही खाडी, इथे विद्यापीठ. टाम्पाला १९२१ नंतर एवढ्या मोठ्या वादळाचा थेट तडाखा बसला नव्हता, आणि आता बसणार असं सगळे सांगत होते. रात्र चढली तसं वादळ उत्तरेला सरकलं, अशक्त झालं आणि टाम्पाच्या पूर्वेकडून, थोडं बाजूने, निघून गेलं.

सकाळी रूममेटचा फोटो आला. वाऱ्याने टाम्पाच्या खाडीतलं पाणी उलट समुद्राकडे ओढून नेलं होतं आणि हा पठ्ठ्या कोरड्या पडलेल्या तळावर, चप्पल हातात घेऊन, उभा होता. खाली लिहिलं होतं: 'भाई, यहाँ तो पानी ही नहीं है.' जरा दक्षिणेला दोन मॅनाटी, म्हणजे समुद्रगाई, पाण्यावाचून चिखलात अडकल्या होत्या आणि लोक त्यांना ताडपत्रीवर घालून पाण्यापर्यंत ओढत होते. मी ते फोटो चाळीत फिरवले.

"म्हणजे तुझ्याकडे काहीच झालं नाही?" समोरच्या काकू म्हणाल्या. त्या आवाजात थालीपिठांचा हिशेब होता.

खोटं कशाला बोलू, मलाही किंचित फसवल्यासारखं वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली. बार्बुडात आणि फ्लोरिडाच्या दक्षिण बेटांवर लोकांची घरं होत्याची नव्हती झाली होती. निम्म्याहून जास्त फ्लोरिडात वीज गेली. आमच्या खोलीतली पाच दिवस गेली. फ्रीझरमधल्या, आईने उन्हाळ्यात दिलेल्या पुरणपोळ्या वितळायला लागल्या तेव्हा रूममेटने मोठ्या मनाने इमारतीतल्या सगळ्यांना बोलावून त्या संपवल्या. इर्मामुळे झालेलं माझं एकूण नुकसान: अकरा पुरणपोळ्या.

पुढले आठ दिवस मी कुकर दुरुस्त केला, केस कापले आणि रोज कुणाला ना कुणाला वादळ सांगितलं. नाक्यावरच्या कुकरवाल्याने विचारलं, "कुठनं आणलात?" मी म्हटलं, "फ्लोरिडा." त्याने रिंग दाबून पाहिली आणि म्हणाला, "तिकडं पण हॉकिन्सच मिळतो?" दरम्यान प्राध्यापकांची मेल आली: वादळामुळे मिडटर्म पुढे ढकलली आहे, आता ती २० तारखेला होईल. माझं विमान १९च्या रात्री, घड्याळ मागे जाणार, मी वीस तारखेला पहाटे नेवार्कला, दुपारी टाम्पाला, संध्याकाळी परीक्षेला. आराखडा निर्दोष होता.

आजीने राखून ठेवलेलं उत्तर आता काढलं. "एकोणीसला सर्वपित्री अमावस्या आहे."

एकोणीसला दुपारपासून पाऊस लागला. तीन वाजता नाक्यावरचा वडापाववाला गाडी झाकून निघून गेला. अमेरिकेत क्रेग फुगेट नावाचे गृहस्थ आपत्कालीन खात्याचे प्रमुख असताना 'वॉफल हाउस निर्देशांक' प्रसिद्ध झाला: ही चोवीस तास उघडी असणारी खानावळ पूर्ण मेनू देत असेल तर हिरवा, अर्धा देत असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल, आणि लाल म्हणजे गाव खरंच संकटात. इर्माच्या वेळी फ्लोरिडातल्या निम्म्या लोकांचा जीव त्या निर्देशांकात अडकला होता. मी आमच्या नाक्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हटलं, "लाल." बाबा म्हणाले, "आत्ताच निघ."

टॅक्सीवाल्यांनी सहारचं नाव ऐकून मान फिरवली. शेवटी चाळीतल्या दोन पोरांनी माझ्या बॅगा डोक्यावर घेतल्या आणि गुडघाभर पाण्यातून आमची मिरवणूक दादर स्टेशनकडे निघाली. पंधरा दिवसांपूर्वी याच पोरांनी याच रस्त्याने गणपती नेला होता. त्यांच्या चालीत ती सवय होती, फक्त ताशा नव्हता. लोकल चालू होत्या, म्हणजे थांबत थांबत चालू होत्या. अंधेरी, तिथून मेट्रो, मग रिक्षा. टर्मिनल दोनला पोचलो तेव्हा माझ्या बुटात अरबी समुद्र होता. नऊ हजार मैल पाण्यापासून पळून आलेला मनुष्य असा दिसत होता.

चेक-इन झालं. कुकर गेला. आणि दहाच्या आसपास वाराणसीहून आलेलं एक विमान ओल्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरून चिखलात रुतलं. सुदैवाने आतल्या सगळ्यांना सुखरूप उतरवलं. विमान मात्र हलेना. मुख्य धावपट्टी बंद. दुसरी धावपट्टी आहे, पण ती लांबीला कमी, आणि अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेल्या अजस्र विमानाला धावायला मैदान लागतं. फलकावरची विमानं एकेक करून लाल व्हायला लागली. आमचं बाराव्या क्रमांकावर झालं.

मी विमान कंपनीला फोन लावला. पन्नास मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला. मी परिस्थिती सांगितली. तिने टाइप केलं.

"सर, आमच्याकडे इर्मासाठी सवलत आहे, होसेसाठी आहे आणि मारियासाठी आहे. तुमचं वादळ यांपैकी कुठलं?"

"यांपैकी नाही. हा पाऊस आहे."

"बरोबर, सर. नाव काय त्याचं?"

"नाव नाही. नुसता पाऊस."

पुन्हा टाइप केल्याचा आवाज. "सर, नाव नसेल तर मला तिकीट बदलण्याचं शुल्क माफ करता येत नाही. तुमचं गंतव्य टाम्पा आहे म्हणून इर्मा लावता आली असती, पण ती सवलत पंधरा तारखेला संपली."

मी त्या बाईंना दोष देत नाही. पडद्यावर नावाचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. अटलांटिकमधल्या वादळांची सहा वर्षांच्या सहा याद्यांमध्ये नावं आधीच ठरलेली असतात, दर यादीत एकवीस, क्यू आणि यू गाळून, एक्स-वाय-झेड गाळून. फार विध्वंस केलेल्या वादळाचं नाव क्रिकेटपटूच्या जर्सीसारखं निवृत्त करतात. २०११च्या आयरीनने उच्छाद मांडला म्हणून तिच्या जागी इर्मा आली. इर्मानेही तेच केलं म्हणून तिच्या जागी इडालिया नेमली गेली. म्हणजे खुर्ची तीच, बसणारी बदलते. आपल्या समुद्रातल्या चक्रीवादळांनाही नावं मिळतात. फयान कोकणात अजून कुणी विसरलेलं नाही. पण मुंबईच्या पावसाला कोण बारसं घालणार? आम्ही त्याला तारखेने ओळखतो. सव्वीस जुलै म्हटलं की पुढे २००५ म्हणायची गरज पडत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, आणि ज्याला त्याला आपण त्या रात्री कुठे होतो ते आठवतं. एकोणतीस ऑगस्टही आता त्याच यादीत गेलाय. हे मी त्या बाईंना समजावायला गेलो. म्हटलं, "लिहा, नाव: एकोणीस सप्टेंबर." त्या म्हणाल्या, "सर, ती आजची तारीख झाली."

ती रात्र आणि पुढचा दिवस मी टर्मिनल दोनमध्ये काढला. तिथल्या भिंतींवर 'जय हे' नावाचा देशभरातल्या कलावस्तूंचा मोठा संग्रह आहे. माझ्याएवढ्या बारकाईने तो कुणीच पाहिलेला नसणार. एका कोरीव दरवाज्यातल्या घोड्यांचे पाय मी दोनदा मोजले. वीस तारखेला शहरातल्या शाळा बंद होत्या आणि सांताक्रूझला चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला होता. त्याच दिवशी तिकडे मारिया पोर्तो रिकोवर धडकली. सवलत असलेली.

प्राध्यापकांना मेल केली: पावसामुळे मुंबईत अडकलोय, परीक्षेला येऊ शकत नाही. त्यांचं उत्तर सभ्य होतं. वर्गातल्या बत्तीस जणांनी वादळाचं कारण दिलं आहे, पण हिंदी महासागराच्या बाजूने दिलेलं हे एकच, तेव्हा एकट्याची परीक्षा मी सोमवारी माझ्या खोलीत घेईन. प्रश्न एक: कमीत कमी अंतराचा मार्ग.

घरी परत गेलो. चाळीत आता कुणी थालीपिठं आणली नाहीत. तळमजल्यावरच्या काकांचा नुकताच वाळलेला सोफा पुन्हा गच्चीत होता, त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू गेला नाहीस? काही झालं का?" मी म्हटलं, "पाऊस." "हो, जरा झाला," ते म्हणाले आणि सोफ्याच्या उशा पिळायला लागले.

रुतलेलं विमान बाहेर काढून मुख्य धावपट्टी उघडली आणि एकवीसच्या रात्री मला जागा मिळाली. शुल्क काकांनी भरलं. उरलेल्या मैलांतून नव्हे, रोख. त्या दिवशी घटस्थापना होती. आजीने कपाळाला कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाली, "आता जा." विमान वेळेवर सुटलं. नेवार्कला पहाटे पाच वाजता अधिकाऱ्याने आय-२० चाळत विचारलं, "सत्र चालू असताना भारतात का गेला होतात?" "वादळ." "कुठलं?" "इर्मा." त्याने एका सेकंदात शिक्का मारला.

पुढे मला टाम्पातच नोकरी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये इडालिया, तीच इर्माच्या खुर्चीवरची, मेक्सिकोच्या आखातातून वर येऊ लागली. ३० तारखेला ती फ्लोरिडाच्या वळणावर धडकली आणि पौर्णिमेच्या भरतीमुळे टाम्पाच्या खाडीचं पाणी खरंच रस्त्यावर आलं. आदल्या रात्री आईचा फोन आला. मी म्हटलं, आई, आता मी ए क्षेत्रात राहतो आणि या वेळी हुकूम सरकारचाच आहे. ती म्हणाली, "उद्या नारळी पौर्णिमा आहे, समुद्राला एक नारळ तरी टाक." नारळ मिळाला नाही, पब्लिक्समध्ये नारळपाण्याचे डबे होते, ते घेतले. मग आतल्या बाजूला, लेकलँडच्या मित्राकडे, पस्तीस मैलांवर गेलो. कुकर बरोबर नेला होता. परळची रिंग अजून चांगली आहे.